नाकापेक्षा मोती जड

जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांचा आपल्याकडे एक पंथ आहे. मी त्याच पंथातला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे बोलणार आहे ते बाहेरच्या टवाळखोराचे बोलणे आहे असे कोणाला म्हणता येणार नाही. प्रत्येक पंथाला एखादे कर्मकांड प्राणापलीकडे प्रिय असते. आमचे कर्मकांड म्हणजे बंपरला नव्याने क्रोम करून घेणे. इंजिन धूर ओकत असले तरी चालते, ब्रेकचा पाय दोनदा दाबल्याखेरीज गाडी थांबत नसली तरी चालते, वायरींचा पार गुंतवळ झालेला असला तरी बॉनेट मिटून घेता येते. पण बंपरात पाहणाऱ्याला आपला चेहरा दिसलाच पाहिजे. तो न दिसला तर गाडी 'अपुरी', आणि मालक एक तर दळभद्री किंवा अरसिक! या कर्मकांडाविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत, आणि ते गोड असणार नाहीत.

माझ्यापाशी फियाट ११०० आहे. इटलीत १९५३ साली निघालेले हे मॉडेल पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आपल्या रस्त्यांवर उतरले, आणि त्याच्या गुबगुबीत पाठीमुळे मुंबई-पुण्याच्या लोकांनी त्याला लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटले. राजेरजवाड्यांच्या तबेल्यातली ही गाडी नव्हे. डॉक्टर, वकील, प्रोफेसर, एखादा बरा चाललेला कापड-दुकानदार, अशांची ही गाडी. माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरचा मुलामा जागोजाग फुगून सुटला होता आणि मागचा आतून कुजू लागला होता. दोन्ही बंपर, त्यांवरचे उभे ओव्हररायडर आणि चार फुटकळ पट्ट्या यांना नीट क्रोम करून देण्याचा जो आकडा मला सांगण्यात आला, तो मी गाडी घेताना मोजलेल्या पैशांच्या निम्म्याहून अधिक होता. मी बंपर रंगवून घेतले. त्यानंतर एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून मिरवणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्या गाडीपाशी उभे राहून, ''एवढे केलेत, मग नाकच का कापलेत?'' असा प्रश्न मला चार लोकांत विचारला. गृहस्थांचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी माणसे प्रत्येक प्रदर्शनात असतात, आणि हा लेख त्या सर्वांना मिळून आहे.

तर हे क्रोम म्हणजे आहे तरी काय, ते आधी पाहू. ज्या मुलाम्यासाठी एवढा जीव टाकावयाचा, त्या मुलाम्यात क्रोमियम असते किती? शोभेच्या कामात क्रोमियमचा थर एका मायक्रॉनच्या पाव ते अर्ध्या भागाएवढा असतो. डोक्याच्या केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सासुद्धा नव्हे! त्याच्याखाली निकेलचा थर असतो; तो चांगल्या कामात त्याच्या कित्येक पट जाड, वीस-तीस मायक्रॉन असतो, आणि बंपर गंजापासून वाचतो तो त्याच्यामुळे. निकेलच्या खाली तांबे असते. ते पृष्ठभागाचे बारीक खड्डे भरून काढते. वरचे क्रोमियम कठीण असते, निकेलला पिवळे पडू देत नाही आणि आपल्याला आवडणारी ती निळसर झाक देते. त्याचे काम एवढेच, आणि टाकीत ते चढते काही मिनिटांत.

मग पैसे कशाचे लागतात? पैसे लागतात हाताच्या मेहनतीचे. जुना मुलामा उतरवायचा, चेपलेला बंपर ठोकून सरळ करायचा, गंजाने पडलेले खड्डे घासून किंवा वेल्डिंगने भरून काढायचे, मग जाड्या दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत पट्टे आणि चाके बदलत सबंध पत्रा बफ करायचा, तांबे चढवायचे, पुन्हा बफ करायचे, खड्डा उरला असेल तर पुन्हा तांबे, मग निकेल, आणि शेवटी क्रोमची ती क्षणभराची बुडी. मुलामा पत्र्याचे दोष झाकीत नाही, उलट आरसा असल्यामुळे ते दहा पटींनी उघडे करतो. म्हणून खालचा पत्राच आरशासारखा करावा लागतो. हे काम नीट करणाऱ्या कारागिराने जो आकडा सांगितला तो मला परवडला नाही, पण तो अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. नीट काम महागच असणार.

खरी फसवणूक स्वस्त कामात आहे. गल्लीबोळात कोणी तरी निम्म्या-पाव पैशांत बंपर चमकवून देतो, आणि आपण घासाघीस जिंकल्याच्या आनंदात घरी येतो. त्याने तांबे गाळलेले असते, निकेल नावापुरते लावलेले असते आणि वर क्रोमची चकाकी मारलेली असते. क्रोमियमच्या थराला मुळातच डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात; खाली निकेलची भिंत नसेल तर त्या भेगांतून ओल थेट लोखंडाला जाऊन भिडते. त्यात आमची मुंबईची हवा! समुद्राचे मीठ आणि चार महिन्यांचा पाऊस. गणपतीत नवा दिसणारा बंपर पुढच्या गोकुळाष्टमीला देवी आल्यासारखा दिसू लागतो. म्हणजे ज्याला चांगले क्रोम परवडत नाही त्याच्यापुढे आमचा पंथ जो मार्ग ठेवतो तो हा: कर्ज काढ, नाही तर फसून घे. तिसरा एक मार्ग पुष्कळजण पत्करतात, आणि मला त्याचे सर्वांत जास्त दुःख होते. ''हे आपल्या आवाक्यातले नाही'' असे म्हणून ते गाडी झाडाखाली सोडून देतात आणि एक दिवस भंगारवाल्याला वजनावर देतात. बंपरपायी गेलेल्या अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांची इंजिने फिरत होती.

आता नाकाचा विषय निघालाच आहे, तर जरा दुसऱ्या नाकाविषयी बोलू. जुन्या पद्धतीच्या क्रोमच्या टाकीत क्रोमिक ॲसिड असते, म्हणजे सहा संयुजांचे क्रोमियम. वीज सुरू झाली की टाकीतून बारीक बुडबुडे येतात आणि त्यांच्याबरोबर त्या ॲसिडचे तुषार हवेत उडतात. टाकीवर उभा असलेला माणूस ते श्वासाबरोबर घेतो. त्याच्या हातांवर खोल, लवकर न भरणाऱ्या जखमा होतात. त्यांना 'क्रोम-व्रण' असे नावच आहे. नाकाच्या दोन पुड्यांमधला पडदा झिजतो आणि त्याला भोक पडते. हे वैद्यकाच्या पुस्तकात शंभर वर्षांहून अधिक काळ नोंदलेले आहे. हेच द्रव्य फुप्फुसाचा कर्करोग करते यावर आता जगात वाद उरलेला नाही. हवा खेचणारे पंखे, टाकीवर फेस धरणारी द्रव्ये, हातमोजे, मुखवटे आणि सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा असेल तर हे पुष्कळ आटोक्यात ठेवता येते, आणि नीट कारखाने ते ठेवतात. त्यांच्या दरात तोही खर्च धरलेला असतो. स्वस्त काम करणाऱ्याकडे तो खर्च कोण भरतो, हे सांगावयास नको. टाकीवरच्या पोराचे नाक भरते आणि मागचा नाला भरतो. माझ्या बंपरला नाक नाही म्हणून हळहळणाऱ्या त्या परीक्षकांनी एकदा अशा टपरीत जाऊन तिथल्या कारागिराच्या नाकाची चौकशी करावी.

हे मी काही नवीन सांगत नाही. युरोपात २०१७ च्या सप्टेंबरपासून क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीवाचून वापरता येत नाही. कॅलिफोर्नियात तर, जिथे चकचकीत मोटारींचे वेड आपल्या शंभर पट, शोभेच्या मुलाम्यातून हे विष १ जानेवारी २०२७ पासून हद्दपार करण्याचा निर्णय २०२३ च्या मे महिन्यातच झाला. आपल्या ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात देशातले बहुतेक सर्व क्रोमाइट निघते. त्या खोऱ्यातल्या पाण्याची कीर्ती २००७ साली जगातल्या दहा सर्वांत दूषित जागांच्या यादीपर्यंत जाऊन पोहोचली होती.

''पण अस्सलपणाचे काय?'' आमचे पंथबंधू विचारतील. गाडी कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे, हा त्यांचा हुकमाचा एक्का. तो एक्का आपण उलटून पाहू. ज्यांना शास्त्रशुद्ध अर्थाने 'व्हिंटेज' म्हणतात त्या १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. मोटारींवर क्रोमियम सर्रास चढू लागले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अगदी शेवटी. त्याआधी चालत होते ते निकेल, आणि त्याच्याही आधी उघडे पितळ, जे ड्रायव्हरने रोज सकाळी घासायचे. म्हणजे १९२४ ची गाडी निळसर क्रोममध्ये मढवून आणणारा गृहस्थ अस्सलपणाचा खून करीत असतो, आणि त्याला आपण टाळ्या देतो! त्या गाडीला उबदार, किंचित पिवळसर निकेलच शोभते. क्रोमची टाकी तिला मुळी लागतच नाही.

बरे, पुढच्या काळाकडे या. १९४२ च्या आरंभी महायुद्धामुळे अमेरिकेत मोटारींवरची चमकती पट्टी-पट्टी सरकारी हुकमाने रंगवली गेली. कोरियाच्या युद्धात, १९५१-५२ च्या सुमारास, निकेल लष्कराकडे वळले, तेव्हा त्याच्यावाचून नुसत्या तांब्यावर पातळ क्रोम आणि वर पारदर्शक लाख, असे बंपर कारखान्यांतूनच निघाले आणि लवकरच कळाहीन झाले. जर्मनीच्या फोक्सवॅगनचे साधे मॉडेल रंगवलेल्या बंपरचे होते. क्रोम होते ते वरच्या दर्जाच्या मॉडेलला. फ्रान्सची ती पत्र्याच्या छत्रीसारखी दिसणारी सित्रोएन दोन-अश्वशक्ती रंगवलेल्या बंपरवर जन्मली. इंग्लंडच्या लँड रोव्हरचा बंपर जस्ताचा हात दिलेला, म्हणजे आपल्या बादलीसारखा. यांतली कोणती गाडी अस्सल नाही? आपल्याकडे काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचा निरोप घेतला तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्यातल्या कित्येकींचे बंपर वर्षानुवर्षे काळ्या किंवा रुपेरी रंगाचे हात खात आले होते. त्या पाण्यात कोणी क्रोमचा अंश शोधला नाही.

आता ज्यांच्या खिशाला माझ्यासारखीच मर्यादा आहे त्यांच्यासाठी, मी काय करून पाहिले आणि काय करीत नाही, ते सांगतो.

पहिली गोष्ट, बंपर खरोखर मेला आहे काय ते पाहा. पुष्कळदा वर दिसतो तो गंज मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून वर आलेला असतो आणि आजूबाजूचा मुलामा शाबूत असतो. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून पाण्यात बुडवावा आणि हलक्या हाताने चोळावे. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही आणि गंजाचे डाग आश्चर्य वाटावे इतके निघून जातात. हट्टी डागांना तेल लावून अगदी बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची लोखंडी लोकर. मग पुसून, कोरडे करून, मेणाचा हात. मेण दर दोन महिन्यांनी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर जाड. आपल्या घरी पितळेच्या पातेल्यांना वर्षातून दोन-चारदा कल्हई लावून घेत असत. नवसागराचा तो धूर अजून पुष्कळांच्या नाकात असेल. एकदा केलेली कल्हई जन्मभर टिकावी अशी मागणी तेव्हा कोणत्या गृहिणीने केली होती? बंपरकडूनच ती का?

या कामात सर्वांत महत्त्वाची बाजू म्हणजे बंपरची पाठ. ती कोणी पाहत नाही, तिच्यावर मुलामाही धड चढलेला नसतो, चाकाने उडवलेला चिखल तिथे बसतो आणि कुजणे तिथूनच सुरू होते. बंपर उतरवा, पाठ तारेच्या ब्रशने खरवडा, उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचे किंवा टॅनिनचे द्रावण फिरवा. टॅनिन म्हणजे आपल्या हिरड्यातले तुरट द्रव्य. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होते ती ज्या गुणाने, त्याच गुणाने गंज काळा होऊन स्थिर होतो. त्यावर जस्ताचा प्रायमर आणि दोन हात रंग. एवढे केले तर डागाळलेला जुना बंपरसुद्धा आणखी कितीतरी वर्षे निभावतो.

मुलामाच सोलून निघत असेल तर रंग. मात्र क्रोमवर थेट रंग मारू नये. तो तिथे धरत नाही, पापुद्र्याने सुटतो. मुलामा वाळूच्या मार्‍याने काढून किंवा ओल्या पॉलिश-कागदाने पुरता खरबरीत करून, त्यावर इपॉक्सी प्रायमर, आणि मग रंग. घासताना तोंडाला चांगला मुखवटा लावावा, कारण निकेलची धूळही सज्जन नव्हे. याहून मजबूत हवे असेल तर पावडर कोटिंग: भुकटी विजेच्या भाराने पत्र्यावर चिकटवून सुमारे १८० ते २०० अंशांवर भट्टीत भाजायची. खिडक्यांचे गज आणि कारखान्यातले रॅक ज्या भट्टीत जातात तिथेच बंपरही जातो, आणि मूळ दराच्या लहानशा अंशात काम होते. माझे बंपर असेच केलेले आहेत, फिकट राखी रंगाचे, गाडीच्या निळ्याशी जुळणारे. ते आरसा असल्याचा आव आणत नाहीत.

तिसरा मार्ग स्टेनलेस स्टीलचा. १९३० साली फोर्डने आपल्या मॉडेल-ए गाडीच्या रेडिएटरचे कवच आणि दिव्यांची भांडी स्टेनलेसची केली; न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीचे शिखर त्याच वर्षाचे आणि त्याच जातीच्या पोलादाचे, आणि ते अजून चमकते आहे. स्टेनलेसमध्ये क्रोमियम वर चोपडलेले नसते, अंगात मुरलेले असते. आपल्या डब्या-ताटांच्या पोलादात शंभरात अठरा भाग. ओरखडा पडला तरी त्याची संरक्षक साय आपोआप पुन्हा धरते. व्हिएतनाममधून कित्येक जुन्या गाड्यांसाठी असे बंपर तयार होऊन जगभर जातात. छटा क्रोमपेक्षा किंचित पिवळट, पण शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. हा मार्ग रंगाहून महाग आहे, पण एकदाचा आहे. बोहारणीला जुन्या साड्या देऊन आमच्या आयांनी पितळ-कल्हईची कटकट जशी संपवली, तसाच हा व्यवहार.

आणि चौथा मार्ग, पायपिटीचा: कुर्ल्याचे भंगार, चोरबाजार, गावोगावचे जुने बाजार. फियाटसारख्या खंडीने निघालेल्या गाडीचा बरा मुलामा असलेला जुना बंपर आजही मिळू शकतो. त्यासाठी ओळखी लागतात, चहा प्यावा लागतो आणि रविवार खर्ची घालावे लागतात. मला हे आवडते. कोणाला आवडणार नाही.

काय करू नये तेही सांगतो. 'क्रोम पेंट' म्हणून डब्यात मिळणारा फवारा आरसा होत नाही, रुपेरी रंग होतो. आणि वर संरक्षक लाख मारली की तोही मंद पडतो. त्याला रुपेरी रंग म्हणूनच मारा, क्रोम म्हणून नको. दुसरा प्रकार अधिक फॅशनेबल आहे: काळ्या चकचकीत थरावर चांदीच्या क्षाराचा आणि दुसऱ्या एका द्रावणाचा फवारा एकदम मारून चांदीचा आरसा उमटवायचा आणि वर लाख. लीबिखने १८३५ साली काचेवर केलेला हा प्रयोग, आता बंपरवर! दिसतो खरोखर छान. पण ती चांदी खडा लागताच टवका देते आणि लाख उन्हात पिवळी पडू लागते. लग्नाच्या मिरवणुकीपुरते बेन्टेक्सचे दागिने चालतात, पण रोजच्या घरकामात ते घालून कोणी भांडी घासत नाही. चकचकीत व्हिनाइल कागद चिकटवण्याचा प्रकार तर फियाटच्या दोन्ही बाजूंनी वळलेल्या बंपरवर सुरकुत्यांवाचून बसवून दाखवणाऱ्याला मी घरी जेवायला बोलावीन.

कोणी म्हणेल, मग क्रोम करणारे सारे मूर्ख काय? मी तसे म्हणत नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे, आणि ज्याची गाडी अशी आहे की तशी दुसरी देशात नाही, त्याने जरूर क्रोम करावे. फक्त जिथे पाणी शुद्ध होऊनच बाहेर जाते अशा ठिकाणी जावे. जमल्यास तीन संयुजांच्या क्रोमियमचे काम मागावे. ते पुष्कळच कमी विषारी आहे, छटा थोडी निराळी पडते एवढेच. माझे भांडण श्रीमंताच्या हौसेशी नाही. आपली हौस सगळ्यांना कायदा म्हणून लावणाऱ्या मनोवृत्तीशी आहे. तसा कायदा तर कुठेच नाही! २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी नियम केले, त्यांना निराळी नंबर-मालिका दिली. त्यात गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठी उलथापालथ नको, असे म्हटले आहे. बंपरच्या मुलाम्याचे अक्षर नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली ट्यूरिनची सनद तर जतनाला अग्रक्रम देते आणि नव्याने मढवण्याला मागे ठेवते.

म्हणून प्रदर्शने भरवणाऱ्या मंडळींकडे माझी एक रोकडी मागणी आहे. परीक्षकांच्या कागदावर 'क्रोम व चकाकी' असा रकाना असेल तर तो खोडा आणि त्याचे गुण ब्रेकला द्या. गाडी ट्रकवर लादून आली की स्वतःच्या चाकांवर, हे फाटकाशी कोणी तरी लिहून घ्या. आणि रंगवलेल्या, डागाळलेल्या, भंगारातून आणलेल्या बंपरच्या गाड्यांसाठी एक रांग मोकळी ठेवा. पुढच्या खेपेस माझी फियाट त्या रांगेत उभी असेल, पुण्याहून घाट चालून आलेली.